एकाच नावानं दोनदा आत

ते प्रकरण आठवलं की आजही माझा चष्मा आपोआप कपाळावर जातो. काही कळेनासं झालं की माझं असंच होतं. त्या दोन दिवसांत तो खाली आलाच नाही.

दुसरबीड रस्त्यावरच्या एका बियाणे कंपनीचे मालक सकाळी हजेरी चालू असतानाच आमच्या पोलीस ठाण्यात आले. उगवण चाचणीत नापास झालेल्या सोयाबीनच्या लॉटपुढे कोणीतरी कॉम्प्युटरमध्ये 'पास' अशी नोंद केली होती. ट्रक भरताना प्रयोगशाळेतल्या माणसानं पोती ओळखली म्हणून माल फाटकातच थांबला. नाहीतर पेरणीला गेला असता. मालकांनी कॉम्प्युटरच्या नोंदीचं एक पान पुढे सरकवलं. त्यावर एका बाईच्या नावाला लाल गोल.

"हिनंच केलं साहेब. आमच्या गोडाऊन मॅनेजरनं सांगतलं. साखरखेर्ड्यात घरी बसून रिपोर्ट भरते. आजच उचला तिले."

"घरी बसून तुमच्या ऑफिसात शिरली कशी?"

"व्हीपीएननं."

मी गंभीरपणे मान हलवली. मालक गेल्यावर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आमच्या महिला शिपायाला हळूच विचारलं, "हे काय असतं?"

"सर, घरापासून ऑफिसपर्यंत झाकलेला बोगदा समजा. आत काय चाललं ते बाहेरच्याले दिसत नाही. आपलं नाव अन् पासवर्ड असला तरच आत जाता येते. कंपन्यांची कामं घरून सुरक्षित होतात."

मालकांच्या कागदावर बाईच्या नावापुढे मुंबईचा पत्ता होता. मी लगेच मुंबईला पथक पाठवायची परवानगी मागणारं पत्र लिहायला घेतलं.

"सर, मुंबईत बोगद्याचं तोंड हाय, म्हंजे व्हीपीएनचा सर्व्हर. माणूस नाही."

"मग तोंडाचाच पंचनामा करू."

पोरगी डायरीत डोकं घालून हसली. पत्र मी खिशात ठेवलं.

साखरखेर्ड्यात ती बाई शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून बसली होती. एक पाय पाळण्याच्या दोरीत. सासरे शिंपी, दारात टेप गळ्यात घालून उभे. मी काही विचारायच्या आधीच तिनं सुनावलं, "पोलिसाची गाडी दारातच काऊन लावली साहेब? आता गाव काय म्हणंल?"

मी ड्रायव्हरला गाडी बाजाराकडे न्यायला सांगितलं. उशीर झालाच होता. समोरच्या ओट्यावर चार माणसं येऊन बसली होती.

"नोंद सव्वा वाजता झाली. तेव्हा तू कुठं होतीस?"

"आतच होती, व्हीपीएनवर. साडेअकराले आली, पाचले निघाली. पण ती नोंद म्या नाही केली. बियाण्यात गडबड करणारी म्हून नाव झालं तर मले दुसरं कोण ठेवंल?"

माझा गोंधळ वाढला. नोकरीत असंख्य जबाब घेतले; गुन्हेगार सहसा 'मी तिथं नव्हतोच' इथून सुरू करतो. ही मात्र आपणहून म्हणत होती, 'आतच होती'.

ठाण्यात परतलो तर ठाणे अंमलदार एका हवालदारावर ओरडत होता. हवालदार गस्तीवर गेला होता, पण स्टेशन डायरीत त्याची रवानगी, म्हणजे बाहेर पडल्याची नोंद, नव्हती. आणि आता तो आमद, म्हणजे परत आल्याची नोंद, लिहायला आला होता. "बाहेर गेलाच नाहीस तर आत कुठून आलास बे?"

मी जागीच थांबलो. मालकांना फोन लावला. "एक पान नको. त्या दिवसाची अख्खी नोंद आणा."

नोंद आली. आमच्या शिपाई पोरीनं ती डायरीसारखी वाचून दाखवली. साडेअकरा, बाई आत. एक वाजून पाच मिनिटं, तीच बाई पुन्हा आत. मधे बाहेर पडल्याची नोंदच नाही. आणि दुसऱ्या वेळचा कॉम्प्युटर गोडाऊनमधला.

"मालक, हिचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

ते पंख्याकडे बघू लागले. "सगळ्यांलेच. वजनकाट्याच्या खोलीत फळ्यावर लिहेल हाय. कॉम्प्युटरात शिरायले पहिलं नाव तिचं काढलं होतं, सगळे तेच वापरतात. म्हटलं, घराले एक किल्ली पुरते, माणसागणिक कशाले?"

गोडाऊन मॅनेजरला बोलावलं. कॉम्प्युटरचं मला काही विचारता येत नव्हतं, म्हणून पोत्यांचंच विचारलं: चाचणी नापास, तर ट्रक कोणाच्या सांगण्यावरून लावला? त्यानं तीन वेगवेगळी उत्तरं दिली. चौथ्यांदा विचारल्यावर म्हणाला, "म्याच 'पास' केलं. गाडी उभी होती साहेब, वरून घाई होती. ती घरून काम करते, आळ तिच्यावर जाईल असं वाटलं."

गुन्हा नोंदला, तो त्याच्यावर. बोगद्याला कोणी भोक पाडलंच नव्हतं. मालकांनी फळा पुसला, प्रत्येकाला आपापलं नाव दिलं, वर दर वेळी मोबाईलवर येणारा आकडा टाकायची अट. बाई घरूनच काम करत राहिली.

हे सांगायला मी पुन्हा साखरखेर्ड्याला गेलो. शहाणपणा करून गाडी लांब बाजारात लावली आणि चालत गेलो. तिनं ऐकून घेतलं, मग दाराबाहेर पाहिलं. ओटा रिकामा होता.

"साहेब, गाडी कुठं हाय?"

"बाजारात."

"त्या दिवशी दारात लावली होती ना? मंग आज बी दारातच लावा. अन् जे मले सांगतलं ते ओट्यावर बसून सांगा."

मी गाडी बोलावली. माणसं जमली. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, मुंबईच्या पत्रासकट. लोक माझ्यावर पोट धरून हसले. ती मात्र हसली नाही. पाळणा हलवत, मी तिचं नाव बरोबर घेतो की नाही, तेवढं ऐकत होती.

व्हीपीएन मला अजून नीट कळलेलं नाही. पण त्यानंतर कोणाच्याही चौकशीला जाताना गाडी कुठं लावायची, याचा मी आधी विचार करू लागलो.