गाडीला बोलू द्या

"तुम्ही गप ऱ्हा, सर. गाडीला बोलू द्या."

वाटूर फाट्यावरचे मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकवायचे. गिऱ्हाईक सरपंच असो, उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असो की माझ्यासारखा भूगोलाचा मास्तर. तुम्ही गाडीचं दुखणं सांगायला तोंड उघडलं की ते हात वर करायचे, इंजिन चालू करायला लावायचे आणि वरच्या खिशातून एक लांब पेचकस, आपला स्क्रू-ड्रायव्हर, काढायचे. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मिनिटभराने मूठ तोंडातून काढून ते निकाल द्यायचे. "दोन नंबरचा नोझल." आणि दोन नंबरचाच नोझल खराब निघायचा.

मी एकदा त्यांची नक्कल करायला गेलो. बायकोसमोर बॉनेट उघडलं, घरातला पेचकस इंजिनावर टेकवला आणि मूठ दातांत धरली. इंजिन काय बोललं ते मला कळलं नाही, पण नुकतीच भरलेली दाढ खळकन निखळली. बायको म्हणाली, "गाडीनं काय सांगितलं?" मी दाढ तळहातावर काढून दाखवली.

आता माझ्या गाडीविषयी सांगायला हवं. नव्वदच्या दशकातली डिझेल गाडी, मागे डिकीच्या जागी लांबलचक पेटारा. सात माणसं आणि दोन पोती आरामात बसत. आमच्या गल्लीत तिला शववाहिका म्हणत, हेही मला ठाऊक होतं. मागच्या दारावर इंग्रजीत 'टर्बो' लिहिलेलं होतं, त्यातलं पहिलं अक्षर गळून पडलं होतं. गाडीने वेग घेतला की बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू यायची. तिची ताकद आता त्या शिट्टीतच उरली होती, पण मला ती फार आवडायची.

बिघडलं ते माझ्या साडूमुळे. साडू शहागडचे. त्यांनी नवी, उंच, पांढरी गाडी घेतली. एकदा आम्ही दोघं घनसावंगीहून बरोबर निघालो. पुढे चढावर ते हॉर्न वाजवत मला मागे टाकून गेले. मी शहागडला पोचलो तेव्हा ते हॉटेलात बसले होते. माझ्यासाठी मागवलेला चहा समोर ठेवून म्हणाले, "घ्या. गार झाला असंल. लई येळ झाला मागवून."

त्या गार चहापायी मी मिस्त्रींकडे गेलो. म्हणालो, "मिस्त्री, हिच्यात मोठं इंजिन बसवता येईल?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. ते नेहमी असंच पाहायचे. मला वाटायचं, माणूस आपलं बोलणं किती मनापासून ऐकतो! वर्गात चाळीस पोरं असून एकही माझ्याकडे असं पाहत नाही.

"येतंय की," ते म्हणाले. "पण कामून?"

मी डिझेलची बचत, घाट, म्हातारे आईवडील असं बरंच काही सांगितलं. साडूचं नाव काढलं नाही. ते हसले. त्यांना कळलंच असावं.

जालन्याला लोखंडाच्या भट्ट्या, त्यामुळे भंगारही उदंड. तिथून त्यांनी एका अपघातात चेपलेल्या मोठ्या जीपचं इंजिन शोधून आणलं. ते माझ्या गाडीत बसेना. मग इंजिनाचे पाय कापले, नवे जोडले, रेडिएटर पुढे सरकवला, क्लच बदलला. बॉनेट दोन बोटं उघडं राहत होतं, तेही ठोकून ठोकून बसवलं. मला आरटीओत पाठवून नव्या इंजिनाच्या नंबराचे कागद करून घेतले. मी रोज शाळा सुटली की परतूरहून जाऊन तिथे स्टुलावर बसायचो आणि मला काही कळत असल्यासारखी मान हलवायचो.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. शिट्टी गेली होती, आता भरदार घुमणं होतं. मिस्त्रींनी मूठ दातांत धरली, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "खूष हाय. पण सर, चार रोज थांबा. ब्रेक जुनेच हायत. ह्या इंजनाची अन् त्यांची वळख न्हाई. त्याच जीपचे मोठे ब्रेक आणून राह्यलो. आधी थांबायचं बघू, मंग पळायचं."

चार दिवस! आणि साडूच्या मुलीचं लग्न होतं तिसऱ्या दिवशी, शहागडला.

लग्नाच्या सकाळी मी वाटूरला गेलो. मिस्त्री ते ब्रेक आणायलाच जालन्याला गेले होते. गॅरेजमागच्या घरातून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. मी म्हणालो, "वहिनी, मिस्त्रींनी गाडी न्यायला सांगितलंय." वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करतो, हे इथे सांगून ठेवतो. वहिनींनी खिळ्यावरची चावी काढून दिली.

बायकोने लग्नाला बसनं जायचं ठरवलं होतं. तिच्या शहाणपणाविषयी मला तेव्हाही शंका नव्हती.

गाडी काय पळाली! खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा मी हलका झालो होतो. दोन जीपा मागे टाकल्या, एक बस मागे टाकली. साडूची पांढरी गाडी दिसेना, नाहीतर तीही टाकली असती. घनसावंगीच्या पुढे एका वळणावर समोर उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या. मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडीने त्याची दखल घेतली, पण ती सवडीने. मी दोन्ही पायांनी उभा राहिलो. डाव्या हाताला कापूस खरेदीचा काटा होता आणि त्याच्या पुढे उघड्यावर रचलेला कापसाचा ढीग, घराएवढा. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

कापसात शिरलेल्या गाडीत काहीच ऐकू येत नाही. अगदी शांत वाटतं. काट्यावरच्या माणसांनी मला पाय धरून बाहेर ओढलं, तेव्हा कुठे मी ओरडायला लागलो. खरचटलंही नव्हतं. त्यांच्यातल्याच एकाने मोटारसायकलवरून मला शहागडला सोडलं. मी मांडवात शिरलो तो केसांत, मिशीत, कोटाच्या खिशांत कापूस घेऊन.

साडू धावत आले. "काय हो, कापूस इकून आल्ता का?" सारा मांडव हसला. माणसं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "ब्रेक फेल झाले का काय?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. चोरून गाडी आणली, एवढंच म्हणायचं होतं. पण साडू हसत होते, त्यांचे व्याही पाहत होते, बायको लांबून डोळे मोठे करत होती. मी म्हणालो, "वाटूरच्या मिस्त्रीनं काम केलंय. आता काय सांगावं!"

एवढंच बोललो. सगळ्यांनी 'अरेरे' केलं आणि मला गादीवर बसवून सरबत दिलं. ते सरबत मी प्यायलो, याची मला अजून लाज वाटते.

ट्रॅक्टरने ओढत गाडी वाटूरला आणली. मिस्त्रींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "लागलं न्हाई ना कुणाला?" एवढंच विचारलं. मग ते खाली बसले आणि रेडिएटरच्या जाळीतला कापूस एकेक बोंड वेचावं तसा बोटांनी काढू लागले. आणलेले मोठे ब्रेक आठ दिवसांत बसवून दिले. गाडी कुणी नेली, कशी नेली, एक शब्द नाही.

पण लग्नात सगळ्या तालुक्याचे पाहुणे होते. महिन्याभरात वाटूरपासून शहागडपर्यंत एकच बोलणं ऐकू यायला लागलं: त्या मिस्त्रीच्या हातचं इंजिन पळतं बराबर, थांबत न्हाई. घनसावंगीच्या काळीपिवळी जीपवाल्यांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. गॅरेजसमोर नेहमी चार-पाच जीपा असायच्या, तिथे आता कोंबड्या फिरत होत्या. मिस्त्री स्टुलावर बसून तोच पेचकस फडक्याने पुसत असायचे.

मी अपराधाची कबुली द्यायचं ठरवलं. आरशासमोर तालीम केली. एका रविवारी, ऑइल बदलायला टाकलेली गाडी आणायला गेलो, तर ते माझ्याच गाडीवर वाकलेले, इंजिन चालू, मूठ दातांत. त्यांच्या डोळ्यांत पाहायची हिंमत नव्हती, म्हणून मी पाठीमागे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. चावी, वहिनींशी बोललेलं खोटं, मांडव, सरबत. शेवटी "माफ करा" म्हणालो. त्यांनी मूठ तोंडातून काढली, सावकाश मान हलवली आणि म्हणाले, "बराबर हाय."

केवढा मोठा माणूस! मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढच्या खेपेला वहिनींनी चहा दिला तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, मिस्त्रींचं मन फार मोठं. मी सगळं कबूल केलं, त्यांनी एका शब्दात माफ केलं."

"कवा?" वहिनींनी विचारलं.

"त्या रविवारी. ते इंजिन बघत होते, मी मागे उभा होतो."

"मागं?" त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू आवरत होत्या की रडू, कळेना. "सर, मागून त्यांना काय ऐकू येणार? पोरवयात धा वर्षं भट्टीवर होते, तिथंच कान गेले. समोरून ओठ हालले तर कळतंय. इंजनाचं तेवढं दातातून कळतंय. ते 'बराबर हाय' इंजनाला म्हणले असतील."

मी कप खाली ठेवला.

"कुणाला बोलू नका," त्या म्हणाल्या. "बहिऱ्याकडं कोण गाडी आणंल? आधीच लोक येईनात."

तेव्हा मला सगळं उमगलं. 'तुम्ही गप ऱ्हा' म्हणणं, तोंडाकडे टक लावून पाहणं. तुम्हीही पाहिलं असतं तर माझ्यासारखंच म्हटलं असतं, की काय हा रुबाब! बिचाऱ्याला आमचं ऐकूच येत नव्हतं, आणि ते लपवण्यासाठी तो आम्हाला गप बसवत होता.

आता पुन्हा समोर उभं राहून, ओठ हलवून माफी मागता आली असती. पण त्यांना माझी माफी कशाला हवी होती? गाडी मी नेली हे त्यांना ठाऊकच होतं. हवं होतं ते त्यांचं नाव, आणि ते मी मांडवभर माणसांत घालवलं होतं. त्या प्रत्येकाच्या गावी जाऊन सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी भित्रा माणूस, मला पाठमोरंच बोलता येतं.

फाट्यावर रेडियमची अक्षरं कापून गाड्यांवर लावणारा एकजण आहे. मी त्याच्यासमोर गाडी उभी केली आणि मागच्या काचेवर काय लिहायचं ते कागदावर लिहून दिलं. त्याने दोनदा वाचलं.

"सर, असं कुणी टाकत न्हाई. 'आई-वडिलांचा आशीर्वाद' टाकू का? लई चालून राह्यलं."

"हेच टाक. मोठ्या अक्षरात."

'हिचं इंजिन वाटूरच्या मिस्त्रींनी बसवलं. कापसात घातली ती मालकाने, ब्रेक बसवायच्या आधी, चोरून नेऊन.' पिवळ्या रेडियममध्ये, तीन ओळी. मागचं काही दिसेनासं झालं.

मी तशीच गाडी मिस्त्रींच्या दारात नेऊन उलटी उभी केली. ते बाहेर आले. ओठ हलवत सगळं वाचलं. मग फडकं घेऊन काच पुसली, अक्षरांच्या कडा बोटाने दाबून बसवल्या, आणि माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"बघा," ते म्हणाले, "तुम्ही गप ऱ्हायले, अन् गाडी बोलली."

ती गाडी मी तीन वर्षं तशीच जिल्ह्यात फिरवली. शाळेतली पोरं हसायची. हेडमास्तरांनी 'शोभतं का' विचारलं. साडूंनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, त्याचे मी मनापासून आभार मानले, कारण माझ्या हिंडण्याने जिथे पोचलं नसतं तिथे तो फोटो पोचला. हळूहळू जीपा परत आल्या. सगळ्या नाही. पण कोंबड्यांना पुन्हा रस्ता ओलांडून जावं लागलं.

गेल्या थंडीत मिस्त्री गेले. छातीत दुखायला लागलं, जालन्याच्या वाटेवरच गेले. वहिनी लेकीकडे राहायला गेल्या. गॅरेजच्या शटरला कुलूप आहे.

रेडियमची अक्षरं आता उन्हाने पांढुरकी पडली आहेत, 'चोरून' तेवढं ठळक राहिलंय. वाटूरवरून जाताना मी अजून तिथे वळतो. आरशात काही दिसत नाही, म्हणून मान बाहेर काढून गाडी उलटी घेतो, शटरकडे काच करून, आणि ब्रेकवर हलका पाय ठेवतो. शटरपासून दोन हातांवर ती जागच्या जागी थांबते.