शांताबाईंच्या डोळ्यांतलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. ऐकून माझी शिसारी आली तर येऊ द्या. मला रोजच येते.

एकतीस वर्षं मी पुण्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवलं. माझा लाडका तास चिकित्सक वाचनाचा. एखादा लेख घ्यायचा, वरचं लेखकाचं नाव कापायचं आणि झेरॉक्स वाटायच्या. नाव दिसलं की पोरं आधी हात जोडतात, मग वाचतात — म्हणून कापायचं. मग एका वाक्यात आपलं विधान मांडायचं: लिहिणारा काय साधू पाहतोय, कशाच्या जोरावर, आणि ते त्याला साधलंय का. पुढचा सगळा निबंध त्या एका वाक्याच्या आधाराने लिहायचा. लेखक कितीही मोठा असो, तुम्ही घाबरू नका, असं मी दरवर्षी सांगायचे. काय तो माझा आव!

एका वर्षी मी माझाच लेख वाटला. का? खरं सांगू — कौतुक ऐकायचं होतं. नाव न सांगता, चोरून. रविवारच्या पुरवणीत आला होता तो, आमच्या कोथरूडच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या शांताबाईंवर. मी त्यांना आमच्याच कपात चहा देते, शेजारी खुर्चीवर बसवते, वगैरे. आणि शेवटी — कप हातात धरल्यावर शांताबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. वाचून रडलो, असं लोकांनी फोन करकरून सांगितलं होतं.

वर्गातल्या सगळ्यांनी कौतुकच लिहिलं. एकीने नाही. वैशाली — चंद्रपूरकडची, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, घरच्यांनी बँकेच्या परीक्षांचा धोशा लावलेला असताना बी.ए.नंतर एम.ए. मराठीचाच हट्ट धरून बसलेली. तिचं विधान मला आजही पाठ आहे: "लेखिका समतेबद्दल बोलते, पण अख्ख्या लेखात शांताबाई एकदाही बोलत नाहीत; त्यांच्या डोळ्यांत पाणी आणून लेखिका वाचकांकडून स्वतःचीच पाठ थोपटून घेते." खाली दोन पानं, आणि प्रत्येक मुद्द्याला लेखातलाच पुरावा.

आता ऐका. ते पाणी खोटं होतं. शांताबाई रडल्याच नव्हत्या. त्यांनी दोन घोटांत चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, पुढच्या घरी उशीर होतोय." एवढंच. पाणी मी घातलं, लेखाला शेवट हवा म्हणून. आणि ही पोरगी शांताबाईंना कधी न बघता, नुसत्या कागदावरून ते ओळखते! मला आनंद व्हायला हवा होता ना? जन्मभर हेच तर शिकवत होते.

मी लाल पेन घेतलं. वीसपैकी सहा. खाली लिहिलं — मजकूर नीट वाचलेला नाही.

ती स्टाफरूमच्या दाराशी आली. वाद घालायला नव्हे, कुठे चुकलं ते विचारायला. मी मान वर न करता सांगितलं, की तुला जे दिसतं ते मजकुरात नाहीच, तुझ्या मनात आहे. आधी वाचायला शीक आणि पुन्हा लिहून आण. तिने आणलं. त्यात शांताबाईंचे अश्रू 'हृदयस्पर्शी' होते. मी सतरा दिले. तेवढ्यावर थांबले का? छे! तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला, नमुना म्हणून. ती खाली मान घालून बसली होती. आणि वाचताना मला बरं वाटत होतं — शी!

एम.ए.चा फॉर्म तिने भरलाच नाही. आपल्याला वाचता येत नाही असं तिला वाटतं, असं तिची मैत्रीण सांगत होती. मी "अरेरे" म्हणाले. एक फोन करायचा होता फक्त. बोटं झडली होती का माझी?

पाच वर्षांनी माझ्या लेखांचं पुस्तक निघालं. प्रुफं तपासताना त्या लेखाशी आले आणि पाणी तरारल्याचं वाक्य गुपचूप काढून टाकलं. लेख सुधारला. म्हणजे तिचं बरोबर आहे हे मला ठाऊक होतं — पहिल्या दिवसापासून.

प्रकाशनाला वैशाली आली. बँकेत लागली होती, कात्रजच्या शाखेत. हाफ डे टाकून आलेली. सहीच्या रांगेत उभ्या उभ्या पुस्तक चाळताना ती एका पानाशी थबकली. कुठल्या, ते मला लांबूनच कळलं. तो लेख माझा होता, हे तिला त्या क्षणी समजत होतं. टेबलाशी आली तेव्हा त्याच पानावर तिचं बोट होतं.

"मॅडम, इथे शेवटी एक वाक्य होतं ना? डोळ्यांत पाणी आल्याचं?"

आता तरी? समोर उभी होती ती. रांगेत मागे जेमतेम दोन माणसं.

"नाही गं," मी म्हणाले. "तू तेव्हाही नीट वाचलं नव्हतंस."

"हो, असेल," ती म्हणाली, आणि पुस्तक पुढे केलं. मी सही केली. वर 'सप्रेम' असंही लिहिलं.