अंड्याच्या टरफलांचा चुना

त्या वर्षी मला सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा आला असेल तर अंड्यांचा. आणि गंमत म्हणजे आमच्या घरात अंडं शिजतच नव्हतं.

मी जालन्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवत होते. दर जूनला नवी ऑर्डर यायची, कधी यायचीच नाही. एम.फिल. झालं तर कायम होण्याची आशा होती, म्हणून चाळिशीला टेकलेली असताना मी नाव नोंदवलं. विषय घेतला वापरलेल्या तळणाच्या तेलाचं डिझेल करण्याचा. तेव्हा जो तो बांधावर मोगली एरंड लावून डिझेल पिकवायला निघाला होता. मला वाटलं, भज्याच्या गाडीवरचं काळं तेल तरी फुकट मिळेल.

तेलात मिथेनॉल घालून कोमट करून ढवळत बसायचं, एवढंच काम. पण ही दोघं आपण होऊन जुळत नाहीत, मध्यस्थ लागतो. लग्न जमवून देणारा कसा, जमलं की जेवून बाजूला होतो, तसा. माझा मध्यस्थ होता अंड्याच्या टरफलांचा चुना. टरफलं कडक भाजली की त्यांचा कळीचा चुना होतो.

बसस्टँडसमोर ऑम्लेटची गाडी लावणारे एक चाचा माझ्यासाठी टरफलांची पिशवी भरून ठेवायचे. "मॅडम, इस कचरे का करते क्या?" असं दर वेळी विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत पुढचं अंडं फोडायचे. ती पिशवी मांडीवर घेऊन रिक्षातून घरी यायचं, नळाला पाणी नाही, टँकरच्या पाण्याने टरफलं धुवायची, आतला पापुद्रा सोलायचा, मग स्वयंपाक, मग पेपर तपासणं. नवरा बियाण्यांच्या कंपनीत, सतत फिरतीवर. किती वेळा वाटलं, उचलावं आणि गटारात ओतावं सगळं.

त्यात भाजायचं कुठे? कॉलेजची विजेची भट्टी चांगली होती, पण लोडशेडिंगमुळे ती कधी पुरती तापलीच नाही. मी ओट्यावर बसून विजेला शिव्या देत होते, तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, बोलले. सासूबाई गेल्यापासून ते फारसे बोलत नव्हते. ताट समोर ठेवलं तर अर्धं जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्हांला भीती वाटायला लागली होती की हा माणूस असाच विझून जाणार.

"चुना भाजायला लाईट कशाला लागती?" ते म्हणाले.

मामा अंबडकडचे गवंडी. उमेदीचं सगळं आयुष्य चुन्यात गेलेलं. पुढे गावोगाव सिमेंट आलं आणि चुन्याचं काम मागायला कुणी येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या अंगणात विटांची कंबरेएवढी भट्टी रचली, लोणारी कोळसा मागवला, कुठूनसा भाता आणला. गळ्यात माळ, उभ्या जन्मात अंड्याला शिवले नव्हते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही हात नका लावू, मी करते."

"टरफलात कुठं जीव ऱ्हातो? आंघोळ करून घेईन की," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

पहिल्याच भट्टीचा चुना पांढराशुभ्र निघाला. पाण्याचा अंश लागला तर तो विझतो आणि माझ्या कामातून जातो, म्हणून गरम असतानाच मी घट्ट झाकणाच्या बरणीत भरला. त्या रविवारी स्वयंपाकघरातल्या बाटलीत तळाला काळपट मधासारखा गाळ बसला आणि वर पिवळं, नितळ डिझेल तरंगलं. मी मामांना हाक मारली. त्यांनी बाटली उजेडाला धरली, वास घेतला आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

तेव्हापासून धुणं, सोलणं, भाजणं सगळं त्यांनी घेतलं. शेजारणी नाकाला पदर लावायच्या, मामांना फिकीर नव्हती. माझा मात्र घसा बसायचा, पाय सुजायचे. एकच आशा धरून मी ओढत होते.

आकडे चांगले येत होते. इतके चांगले की औरंगाबादच्या मार्गदर्शक सरांचा विश्वास बसेना. "घरच्या भट्टीतले आकडे मी कसे मानू? माझ्यासमोर करून दाखवा," ते म्हणाले. नोंदणीची मुदत त्या महिन्यात संपत होती आणि सर निवृत्त होणार होते. म्हणजे ही एकच संधी.

जायच्या आदल्या दिवशी माझी परीक्षेची ड्यूटी होती. निघताना मी मामांना म्हटलं, "आजचा चुना तुम्हीच काढा. जरा बारीक करून ठेवा." खलबत्ता पुढे काढून ठेवला. संध्याकाळी आले तर बरणी भरून तयार. पिठासारखा चुना. मला इतकं बरं वाटलं की झाकणही न उघडता बरणी पिशवीत टाकली.

सरांच्या प्रयोगशाळेत तेल तापलं, चुना पडला, मी ढवळत राहिले. थर काही सुटेना. थोड्या वेळाने सगळं नासलेल्या दुधासारखं फुटलं आणि भांड्याला साबणाचा बुळबुळीतपणा आला. सरांनी घड्याळ पाहिलं. मी चिमूटभर चुना तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाकले. कळीचा चुना असता तर हात भाजला असता. हात गार राहिला.

मग उमगलं. गवंडी चुना खलबत्त्यात कुटत नाही. गवंडी चुन्यावर पाणी शिंपडतो, चुना तडतडतो, फुलतो आणि आपोआप बारीक होतो. न विझवलेला चुना कामाला लावणं हे त्यांच्यात पाप. मामांनी माझ्यासाठी काम चोख केलं होतं.

"पुन्हा नोंदणी करावी लागेल," सर म्हणाले. मी मान हलवली. पुन्हा करण्याइतकं बळ माझ्यात उरलेलं नव्हतं, हे मला तिथेच कळलं.

एसटीत बदनापूरपर्यंत मी मनातल्या मनात मामांशी भांडत आले. एक एक वाक्य घासून तयार केलं. घरी पोचले तर ते दारात उभे. हातांवर चुन्याचे शिंतोडे उडून फोड आलेले, त्यांना खोबरेल लावलेलं.

"जमलं का गं? चुना बराबर होता ना? वस्त्रगाळ केल्ता, वाळवून भरला."

मी म्हटलं, "जमलं, मामा. चुना एकदम बराबर होता."

डिग्री झाली नाही. पुढच्या जूनला ऑर्डरही आली नाही, मग मी शिकवण्या सुरू केल्या. मामांना वाटलं मी कॉलेज आपण होऊन सोडलं. ते पोटभर जेवत होते, पारावर जाऊन बसत होते.

एकदा हसनाबादहून त्यांचा जुना जोडीदार गवंडी भेटायला आला. मी पाणी द्यायला गेले तर मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिनं गोड्या तेलाचं डिझेल केलं, माझ्या चुन्यावर. मोठ्या सायबांनी पास केलं. खोटं वाटत असंल तर इचार तिला."

पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "मामांचा चुना नसता तर झालंच नसतं."

आणि चहा ठेवायला आत आले. त्या डिग्रीसाठी मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा, स्टोव्हचा आवाज मोठा करून.