रश्मीताईच्या फ्लास्कमधला गाळ

रश्मीताई गेली तेव्हा तिच्या लॅबमधल्या फ्लास्कच्या तळाला नुसता काळा गाळ होता.

आज वर्ष झालं.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. नाहूरची. घरातली पहिली पीएचडी करणारी.
आणि मी वाकोल्याचा, बी.कॉम. अर्धवट सोडून भटकणारा. एकदा बोरीवलीला नॅशनल पार्कच्या मागे हरवलो होतो, तेव्हा पण फोन हिलाच केलेला. असो, तो किस्सा आज नको.

ताई प्लॅटिनम आणि निकेलचे मिश्र कण बनवायची. डोळ्याला दिसणारच नाहीत इतके बारीक. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या फ्युएल सेलमध्ये महागडं प्लॅटिनम कमी लागावं म्हणून.

मी विचारलं, "दोन्ही एकत्र उकळायचं, झालं ना?"

"हो रे शहाण्या! प्लॅटिनम तुझ्यासारखं आहे. धीर नाही. एकटंच पुढे पळून गोळा होऊन बसतं."

"आणि निकेल?"

"तुझी आई. ती चप्पल घालेपर्यंत रिक्षा गेलेली."

मावशी आतून एवढी हसली की दूध उतू गेलं.

तर मधे लागतं लिगंड. लांब शेपटीचे रेणू. ते प्लॅटिनमला धरून ठेवतात, म्हणजे निकेलला सोबत यायला वेळ मिळतो. मग वाढणाऱ्या कणाच्या ठरावीक बाजूंवर जाऊन बसतात. त्या बाजू हळू वाढतात, सपाट राहतात. कणाला आकार येतो तो असा.

ताईला आठ बाजूंचे कण हवे होते.
येत होता गाळ.

मग कॅन्सर आला. हॉस्पिटलमधून पण ती लॅबमधल्या ज्युनियरला, सायलीला, फोन लावायची.
"काय आलं गं आज?"
"गाळच, ताई."
"बरं. उद्या बघू."

ती गेल्यावर सायलीने काम सोडलं नाही. पण एक केलं. ताईची रेसिपी जशीच्या तशी धरली. तेच लिगंड, तेवढंच, तेच तापमान.
ताईची आहे ना, कशी बदलायची?

पावसाळा संपता संपता ती नाहूरला आली. मी तेव्हा मावशीकडेच पडीक होतो. सायली सोफ्यावर बसली आणि रडायलाच लागली.

"काकू, आमचे गाइड सर म्हणतात विषय बंद करू. मी सगळं ताईसारखंच करते हो."

मावशी आमची मालवणची. भाजी निवडता निवडता म्हणाली, "गो बाय, तिना खय कधी रेसिपी पाळलेली? वड्याच्या पिठात पण दर वेळाक नवा कायतरी घाली. तू कशाक तिचो देव करून बसलंस?"

सायली रडायची थांबली. मग म्हणाली, "पण मग ते ताईचं राहील का?"

"गाळ ठेवून तरी काय ऱ्हवतला?"

सायली चहा न पिताच उठली.

ताईचं लिगंड प्लॅटिनमला फार लवकर सोडत होतं. सायलीने त्याच्या जोडीला दुसरं घातलं, जास्त घट्ट धरणारं. पहिल्याच झटक्यात जमलं असं नाही. मधे दोनदा वाट लागली. सरांकडे मुदत मागावी लागली.

आज वर्षश्राद्धाचं जेवण झालं आणि सायली लॅपटॉप घेऊन आली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो.

शंकरपाळ्या यार! एकसारख्या, धारदार कडांच्या. आठ बाजूंचा कण फोटोत असाच दिसतो म्हणे. प्रत्येकीत दोन्ही धातू.

फ्युएल सेलमध्ये चालतात की नाही ते अजून बघायचंय. त्याआधी कणांना चिकटलेलं लिगंड काढावं लागेल, आणि तेही सोपं नाही म्हणे. पण विषय बंद होत नाहीये. सर स्वतः म्हणाले.

मावशीने चष्मा लावला. मग स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "ह्यातलो रश्मीचो खयचो?"

सायली म्हणाली, "सगळेच, काकू."

ताई, तुला मनापासून निरोप. उद्या सकाळी सायली परत लॅबमध्ये आहे.