घुंगरांचा कायदा

खडूचा रिकामा खोका कानाशी धरून हलवायचा आणि म्हणायचं, "ठरवा की तुम्हीच. मी कोण सांगणार?" आमच्या ड्रॉइंगच्या सरांची ही सवय सगळ्या शाळेला पाठ होती. चहा मागवायचा की सरबत, एवढं विचारलं तरी हेच उत्तर.

तुमच्याही शाळेत असे एखादे सर असतील, ज्यांच्या तासाला मुली धावत जातात आणि ज्यांच्या वर्गावरून हेडबाई मुद्दाम चक्कर मारतात. आमच्या सरांचे वडील पेठेत वह्या-पुस्तकं बांधायचे, त्यामुळे सरांच्या पिशवीत पुठ्ठ्याचे तुकडे कायम. त्या तुकड्यांवर त्यांनी सातवीच्या मुलींसाठी एक राज्य मांडलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला खोक्यातून प्रत्येकीनं पुठ्ठा उचलायचा आणि वर्षभर दर शनिवारी शेवटच्या तासाला तेच व्हायचं. कुणी पाटलीण, कुणी कुंभारीण. एकीला जादू यायची. जादू करायची म्हणजे फोडलेले चार चिंचोके टाकायचे. एक जरी पांढरा पडला तरी पाऊस. चारही काळे पडले तर आग.

एका शनिवारी चारही काळे पडले. फळ्यावर खडूनं काढलेलं अर्धं गाव सरांनी डस्टरनं पुसलं. नऊ मुली मेल्या आणि फुरंगटून खिडकीशी जाऊन बसल्या. मी वर्गशिक्षिका, मागच्या बाकावर वह्या तपासत होते.

"हिला अशी मोकळी सोडायची न्हाई," पाटलीण म्हणाली.

"मुद्दाम केलंय व्हय तिनं? पाऊस पाडाय गेलती ती," कुंभारीण म्हणाली.

"मुद्दाम असू दे न्हाईतर नसू दे. मी मेले न्हवं?"

"चुलीत पण विस्तव असतोय. चुलीला कोण बेडी घालतंय?"

"चूल चालत दारात येत न्हाई."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग कायदा झाला. जादूवालीनं पायात घुंगरू घालायचे, म्हणजे ती येतेय ते लोकांना कळेल. आणि पाणी सगळ्यांच्या शेवटी प्यायचं. सरांनी खोका हलवला, "ठरवा की तुम्हीच." हात वर झाले. हुपरीहून येणाऱ्या मुलीनं आपल्या पायातले घुंगरांचे पैंजण तिथल्या तिथं काढून दिले.

जादूवालीनं ते पायात घातले. मुरगूडकडच्या खेड्यातली मुलगी, इथं मावशीकडे राहायची. प्रवेशाच्या दिवशी मावशी मला एकटीला म्हणाली होती, "गावात हिच्या आईला चेटकीण म्हणत्यात, बाई. हिरीवर पाय ठेवू देत न्हाईत. म्हणून पोरगीला हिकडं आणलीय." मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. स्टाफरूममधली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत फाटकाबाहेर जाते. त्या शनिवारीही मी गप्प बसले. खेळ तर आहे, म्हटलं.

सोमवारी पाण्याच्या टाकीपाशी घुंगरू वाजले. मुली खिदळत बाजूला सरल्या. ती टाकीपासून चार हात लांब उभी राहिली, सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत. किती लांब उभं राहायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

"काढ ते आधी," मी म्हटलं.

"ठरलंय न्हवं, बाई."

मी सरळ सरांकडे गेले आणि तिच्या आईचं सांगून टाकलं. ते खुर्चीत बसले.

"आधी का नाही सांगितलंत, बाई?"

"तुम्ही आधी का नाही थांबवलंत?"

ते वर्गावर गेले. मी दारात उभी राहिले.

"माझं चुकलं, पोरी. काढ ते," सर म्हणाले.

"सगळ्यांनी हात वर केलेत, सर. तुम्ही एकट्यानं कसं मोडायचं?" ती म्हणाली.

कायदा मोडायचा का, म्हणून सरांनी पुन्हा मत घेतलं. सगळे हात वर झाले. त्यातले किती हात मी दारात उभी होते म्हणून वर झाले, ते मला ठाऊक आहे. तिनं वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिलाही ठाऊक होतं. पैंजण काढून तिनं बाकावर ठेवले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. मावशी दाखला घेऊन गेली. पोरगी गावी परत गेली, एवढंच म्हणाली.

खेळ बंद झाला. मुरगूडच्या गाडीत चढताना सर मला दोनदा दिसले, हातात रंगाची पेटी. "भेटली का?" मी विचारलं. "दार उघडत नाहीत," ते म्हणाले.

पुढे कुठल्याही मुलीच्या पैंजणांचा आवाज व्हरांड्यातून आला की त्यांचा खडू फळ्यावर थांबायचा. आवाज जाईपर्यंत थांबायचा. तोवर मी पर्यवेक्षिका झाले होते. मी सूचना काढली, मुलींनी शाळेत पैंजण घालून येऊ नये. सूचनावही फिरली. सरांची सही राहिली होती म्हणून मी स्वतः घेऊन गेले.

"तुम्हाला त्रास नको म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी सूचना दोनदा वाचली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "ठरवलंय की तुम्ही, बाई."

त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. वही अजून कपाटात आहे. त्या पानावर सगळ्यांच्या सह्या आहेत. त्यांच्या नावापुढची जागा कोरी आहे.