शेवट न पाहिलेला सिनेमा

नाशिकच्या एका दैनिकात मी तेव्हा सिनेमाची परीक्षणं लिहायचो. गाजलेल्या कादंबरीवरच्या एका जादूच्या सिनेमाचा दुसरा भाग हिंदीत डब होऊन आला होता. कादंबरी वाचलेली, शेवट पाठ. म्हणून मध्यंतरातच उठलो, स्टँडवरून स्कूटर काढली, मिसळ खाल्ली आणि लिहून दिलं, 'शेवटी म्हातारी चेटकीण मरते तेव्हा डोळे पाणावतात.' दिग्दर्शकाने नेमकी तिलाच जिवंत ठेवली होती.

थिएटरच्या स्टँडवरच्या माणसाला गाड्या सोडून आत जाता येत नसे. पहिला भाग त्याने माझ्या परीक्षणातूनच 'पाहिला' होता. बिल्ला घेता घेता तो फडक्याने माझी सीट पुसायचा आणि विचारायचा, "कसा होता, साहेब?"

पुढच्या शुक्रवारी त्याने खिशातून माझ्या परीक्षणाचं कात्रण काढलं.

"लोक म्हणतात, म्हातारी मरतच नाय. मी लय भांडलो. म्हणलं, साहेबांनी पाहून लिहिलंय."

"मी त्या दिवशी गाडी कधी नेली, आठवतं?" मी चाचरत विचारलं.

"मध्यंतराला. मला वाटलं, रिक्षा करून परत आला असाल."

मी मान डोलावली. एकाच सिनेमाबद्दल दोनदा खोटं बोलणारा समीक्षक गावात मी एकटाच असेन.

त्याने कात्रण पुन्हा खिशात ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं.

त्यानंतर प्रत्येक सिनेमा मी पडद्यावरची शेवटची नावं संपेपर्यंत पाहिला. बाहेर आलो की तो सीट पुसून द्यायचा. कसा होता, हे मात्र त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.