सरांचा दात आणि ‘पुट ऑफ’

मोताळ्याचे इंद्रभान सर सुजलेला गाल धरून सातवीला ‘पुट ऑफ’ शिकवत होते. म्हणजे पुढे ढकलणे. उदाहरणं मागितली, तर कुणी लग्न पुढे ढकललं, कुणी परीक्षा. अर्पिता म्हणाली, “सरांनी दात काढणं पुट ऑफ केलं.”

सरांनी मनात बोटांवर कारणं मोजली. परवा सोयाबीनची सोंगणी होती, काल बाजार होता आणि आज तर अमावस्या.

“तुले कोनं सांगतलं वं?”

“जयमालाकाकूनं. काकू म्हणे, दाताले अमावस्या नसते. सरांले चारच्या बुलढाणा गाडीत बसवूनच घरी जा.”

चारला अख्खा वर्ग जयमालाकाकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, हुकूम घेऊन सरांभोवती थांब्यावर उभा राहिला. गाडी आज तरी उशिरा यावी म्हणून सरांनी मनातल्या मनात नारळ बोलला. तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला.